जन्म पुण्यात, मरण गावात: आपल्या जिल्ह्याची माणसं वाढताहेत की सरकताहेत?

आजऱ्याचे गुरुजी (धागाकर्ते)

नमस्कार मंडळी,

जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. मागची जनगणना २०११ ची. २०२१ ची कोरोनामुळं पुढं गेली आणि पुढं जातच राहिली. सोळा वर्षांनी देश पुन्हा मोजला जाणार, म्हणून हा धागा आत्ताच काढतोय. पारावर, एसटीत, लग्नाच्या मांडवात हा विषय निघाला की एकच वाक्य ऐकू येतं, "माणसं लई वाढली." हे वाक्य देशाबद्दल अर्धं खरं आहे, आणि आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा-चंदगडच्या डोंगराकडेच्या गावांबद्दल साफ खोटं आहे, असं माझं म्हणणं आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. २००१ आणि २०११ या दोन्ही जनगणनांत प्रगणक म्हणून दारोदार फिरलो आहे. तेव्हापासून डोक्यात बसलेली गोष्ट अशी: कुठल्याही जागेची लोकसंख्या तीनच कारणांनी बदलते. कुणी जन्मतं, कुणी मरतं, कुणी येतं किंवा जातं. चौथं कारण नाही. पण या तिघांचं वजन देशाला एक, जिल्ह्याला दुसरं आणि गावाला तिसरंच असतं. ते न बघता नुसती एकूण बेरीज पुढं ठेवली की माणूस चुकीच्या गोष्टीची काळजी करत बसतो.

आधी देश. भारतात आज वर्षाला साधारण २.३ कोटी मुलं जन्मतात आणि ९० ते ९५ लाख माणसं मरतात. परदेशी जाणारे आणि येणारे यांचा हिशेब केला तर फरक काही लाखांचाच निघतो. म्हणजे देशापुरतं बोलायचं तर जन्म आणि मृत्यू हेच खेळ ठरवतात. आणि त्यातही आधी हलला तो मृत्यू. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढली तर नाहीच, उलट किंचित घटली. घरटी पोरं तेव्हा काही कमी होत नव्हती. पण प्लेग होता, दुष्काळ होते, आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीनं एकट्या भारतात एक कोटीहून जास्त माणसं नेली. स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या सुमाराला सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. आज ते ७० आहे. १९७१ साली हजारी जन्मदर ३६.९ होता आणि मृत्युदर १४.९. २०२० मध्ये तेच आकडे १९.५ आणि ६.० झाले. १९७१ साली जन्मलेल्या हजार बाळांपैकी १२९ पहिल्या वाढदिवसापर्यंत पोचत नव्हती, २०२० मध्ये २८. देश वाढला तो लोक जास्त पोरं काढायला लागले म्हणून नव्हे. पोरं जगायला लागली म्हणून वाढला. यात तक्रार करण्यासारखं काय आहे, सांगा.

आता बाईमागं मुलं किती? १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३.४, २०१९-२१ च्या पाहणीत २.०. महाराष्ट्रात १.७. एक पिढी स्वतःच्या जागी तेवढीच पिढी ठेवून जायची तर साधारण २.१ लागतात. आपलं राज्य त्याच्या बरंच खाली गेलंय. तरी देश अजून वाढतोय, कारण मागच्या पिढीत जन्मलेली पोरं-पोरी आत्ता लग्नाच्या, बाळंतपणाच्या वयात आहेत. प्रत्येकीला दोनच मुलं झाली तरी आयाच संख्येनं जास्त आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०६० च्या दशकाच्या सुरुवातीला आपण १७० कोटींच्या आसपास पोचू आणि मग उतरणीला लागू.

हे झालं देशाचं. आता कोल्हापूरला येऊ.

२००१ साली जिल्ह्याची लोकसंख्या ३५,२३,१६२ होती, २०११ साली ३८,७६,००१. दशकाची वाढ १० टक्के. त्याच दशकात राज्य १६ टक्क्यांनी वाढलं, देश १७.७ टक्क्यांनी. आधीच्या दशकात मात्र आपण १७.८५ टक्क्यांनी वाढलो होतो. घाट उतरून खाली बघा, रत्नागिरी ४.८ टक्क्यांनी घटली आणि सिंधुदुर्ग २.२ टक्क्यांनी. तिथं जन्मांपेक्षा मृत्यू जास्त झाले का? नाही. माणसं उठून गेली. रत्नागिरीत २०११ साली हजार पुरुषांमागं ११२२ बायका होत्या, यावरूनच कळतं कोण गेलं ते. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला आणि पुणे ३० टक्क्यांनी.

आमचा आजरा, चंदगड, भुदरगड, गडहिंग्लज हा भाग नकाशावर कोल्हापुरात असला तरी या बाबतीत निम्मा कोकणच आहे. आजोबांच्या पिढीपासून मुंबईच्या गिरण्यांत माणसं गेली. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या, काही परत आले, काही तिथंच राहिले. आता पोरं पुण्याला, गोव्याला, बेळगावला जातात. माझ्या शेवटच्या शाळेत पहिलीच्या वर्गात दोन-तीन मुलं असायची. लोक म्हणायचे, इंग्रजी शाळेनं मुलं पळवली. काही पळवली, खरं आहे. पण घराघरांत जाऊन विचारलं तर कळायचं की पोरगा आणि सून हिंजवडीला, नातू तिकडंच झाला, तिकडंच शाळेत घातला. आणि म्हाताऱ्याचं शेवटचं पाणी मात्र गावातच. जन्माची नोंद पुण्यात, मृत्यूची नोंद आमच्या ग्रामपंचायतीत. म्हणजे गेलेला माणूस एकटा जात नाही, आपल्या पुढच्या पिढीचे जन्मही बरोबर घेऊन जातो. मागं राहतात ती मरणं.

तुमच्या गावात, पेठेत काय चित्र आहे? नुसतं "वाढली" किंवा "घटली" नको. तिन्हीपैकी कशामुळं, ते लिहा.


ताराराणी चौक

गुरुजी, आदर ठेवून बोलते. आम्ही शहरात राहतो. संध्याकाळी दाभोळकर कॉर्नरला रस्ता ओलांडून दाखवा. राजारामपुरीत गाडी लावायला जागा नाही, पाणी एक दिवसाआड, जिकडं बघावं तिकडं अपार्टमेंट. आणि तुम्ही म्हणताय जिल्हा हळू वाढतोय. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की आकड्यांवर?


आजऱ्याचे गुरुजी

ताई, दोन्हींवर ठेवा, फक्त आकडा कुठल्या हद्दीचा आहे ते बघा. २००१ ला महापालिका हद्दीत ४,९३,१६७ माणसं होती, २०११ ला ५,४९,२३६. वाढ साडेअकरा टक्क्यांच्याही आतच. पण ती हद्द कुठली? महापालिका १९७२ ला झाली तेव्हाचीच, ६६.८२ चौरस किलोमीटर. शहर त्या रेषेबाहेर कधीच ओतलं गेलंय. पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, उचगाव, सरनोबतवाडी, उजळाईवाडी, शिंगणापूर. तिथली माणसं नोकरीला, दवाखान्याला, बाजाराला शहरात येतात, तुमच्याच रस्त्यानं जातात, पण कागदावर महापालिकेच्या हद्दीबाहेर मोजली जातात. हद्दवाढीच्या भांडणात मला पडायचं नाही. रेषा कुठं मारता त्यावर वाढीचा आकडा बदलतो, एवढंच सांगायचंय. शिवाय घरं वाढली की माणसं वाढली असं होत नाही. जिथं एका वाड्यात तीन भाऊ राहायचे तिथं आता तीन फ्लॅट आणि तीन चारचाकी.


भूगोलाचा विद्यार्थी

सर, नमस्कार. शिवाजी विद्यापीठात एम.ए. करतोय. धागा फार आवडला, पण एका ठिकाणी अडतोय.

२०१० साली महाराष्ट्राचा जन्मदर हजारी १७.१ आणि मृत्युदर ६.५ होता. फरक १०.६. असा फरक दहा वर्षं राहिला तर नुसत्या जन्म-मृत्यूनं ११ टक्क्यांच्या आसपास वाढ होते. कोल्हापूरची वाढ १० टक्के. मग स्थलांतराला जागा उरली कुठं? जिल्ह्याचा वेग कमी झाला तो मुलं कमी झाली म्हणून, असं सरळ म्हणता येतं.

दुसरं, मृत्युदराबद्दल सावध राहायला हवं. केरळचा साधा मृत्युदर बिहारपेक्षा जास्त दिसतो. याचा अर्थ केरळात आरोग्यसेवा वाईट आहे असा नाही. तिथं म्हातारी माणसं जास्त आहेत, म्हणून हजारी मरणंही जास्त. आपल्या डोंगरी तालुक्यांतही तेच होणार. तरुण बाहेर गेले की गावाचा मृत्युदर चढलेला दिसेल, आणि कुणीतरी येऊन आरोग्य केंद्राला दोष देईल.

परदेशातलं एक उदाहरण देतो. जर्मनीत १९७२ पासून दरवर्षी जन्मांपेक्षा मृत्यू जास्त आहेत. तरी तो देश रिकामा झाला नाही, कारण बाहेरून माणसं आली. जपाननं त्या मानानं फार थोड्या लोकांना आत घेतलं, तिथली लोकसंख्या गेली पंधराएक वर्षं घटतेय. म्हणजे स्थलांतर देशपातळीवरही कधी ना कधी निर्णायक होतं. भारतात आज नाही, एवढंच.


आजऱ्याचे गुरुजी

शाबास. असंच अडायला हवं.

तुझं गणित बरोबर आहे, पण ते निव्वळ स्थलांतराचं आहे. आत आलेले वजा बाहेर गेलेले. इचलकरंजी, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित वसाहत इथं माणसं येताहेत. चंदगड, आजरा, गगनबावड्यातून जाताहेत. जिल्ह्याच्या बेरजेत हे दोन ओघ एकमेकांना खाऊन टाकतात आणि तुला उत्तर शून्याच्या आसपास दिसतं. प्रत्यक्षात दोन्हीकडं माणूस हललेला असतो. हातकणंगल्यात खोली मिळत नाही आणि आमच्याकडं कुलपं गंजताहेत, तरी सरासरी शांत.

आणखी एक. येणारा आणि जाणारा सारखेच असले तरी ते त्याच वयाचे, त्याच घडीचे नसतात. येणारा बहुतेकदा एकटा गडी येतो, बायकापोरं गावी ठेवून. जाणारा जोडीनं जातो. त्यामुळं पुढच्या पाच वर्षांतले जन्म कुठं होणार हे माणसांच्या संख्येवरून कळत नाही, ती कोण आहेत यावरून कळतं.

मृत्युदराचा मुद्दा शंभर टक्के मान्य.


सिस्टरताई

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलंय, म्हणून जन्माच्या नोंदीबद्दल बोलते. इथं बऱ्याच जणांचा गोंधळ होतो.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. त्यात नोंद घटना घडली त्या ठिकाणी होते, आई राहते त्या गावात नाही. २१ दिवसांत कळवायचं असतं. आता बाळंतपणं जवळजवळ सगळी दवाखान्यात होतात. राधानगरीची बाई, शाहूवाडीची बाई, इकडं निपाणीची, खाली वैभववाडीची, अडचणीची केस असली की कोल्हापूर शहरात येते. सीपीआर या सरकारी दवाखान्यात किंवा खाजगीत. बाळाची नोंद शहरात. कुणी शहराच्या नोंदी घेऊन जन्मदर काढला तर वाटेल कोल्हापुरात पोरांचा पाऊस पडतोय, आणि गावच्या रजिस्टरवरून काढला तर वाटेल गावात कुणी जन्मतच नाही. त्यात पहिलं बाळंतपण माहेरी. सासर भुदरगड, माहेर कागल, दवाखाना कोल्हापूर. हे बाळ कुठलं? म्हणून नमुना नोंदणी पद्धतीत, जिथून जन्मदर-मृत्युदर जाहीर होतात, तिथं बाई मूळची कुठं राहते ते धरतात. गुरुजी, तुम्ही "जन्माची नोंद पुण्यात" म्हणालात ते खरं, पण गावच्या रजिस्टरात जन्म नाही म्हणून गावात बाळ नाही असा अर्थ लगेच लावू नका. अंगणवाडीच्या यादीशी ताडून बघा. आशाताईकडं खरी यादी असते.

आता जे बोलायचंय ते. या धाग्यात एवढे आकडे आले, मुलींचा कुणी काढला नाही.

१९९१ साली आपल्या जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागं ९३१ मुली होत्या. २००१ साली ८३९. दहा वर्षांत एवढी घसरण. शाहू महाराजांचा जिल्हा म्हणवतो आपण, ज्यांनी १९१७ साली संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला आणि सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं केला, १९८८ ला. केंद्राचा १९९४ चा. तरी २००१ ला ८३९. नंतर जिल्हा प्रशासनानं सोनोग्राफी यंत्रांवर देखरेखीची यंत्रणा बसवली, गाजावाजा झाला, आणि २०११ ला आकडा ८६३ वर आला. सुधारला, पण १९९१ च्या जवळसुद्धा गेला नाही.

आता हिशेब करा. २००१ ला जी मुलं शून्य ते सहा वयाची होती ती आज पंचवीस ते बत्तीसची आहेत. लग्नाच्या वयाची. गावोगाव आयांची तक्रार आहे, पोराला मुलगी मिळेना. शेती आहे, घर आहे, ऊस आहे, तरी मिळेना. एजंटाकडून बाहेरच्या जिल्ह्यातून, कर्नाटकातून मुली बघायच्या चालल्यात. काही ठिकाणी फसवणूक होते, पैसे घेऊन पसार. त्या बातम्या आपण चवीनं वाचतो. पण या मुली गेल्या कुठं, हे कुणी विचारत नाही. त्या कुठं गेल्या नाहीत. त्यांना येऊच दिलं नाही. मी एका बाईला तिसऱ्यांदा "खाली करून" आलेली बघितलंय, रक्त कमी झालेलं, ओठ पांढरे, आणि सासू बाहेर बाकावर बसून विचारत होती, "पुढच्या वेळंला राहील न्हवं?" पुढच्या वेळेला म्हणजे मुलगा. ते मी विसरणार नाही.

हेही लोकसंख्येचंच शास्त्र आहे. विद्यार्थी दादानं गणित करून सांगावं.


भूगोलाचा विद्यार्थी

ताई, करतो.

२.१ हा आकडा दोनच्या वर का असतो, तर काही मुलं मोठी होण्याआधी जातात, आणि निसर्गतःच शंभर मुलींमागं एकशेपाचच्या आसपास मुलगे जन्मतात. पुढची पिढी मुलींच्या संख्येवर ठरते, कारण बाळंतपण मुलीच करणार. हजार मुलग्यांमागं ८६३ मुली असतील तर मुलींचा वाटा ४९ टक्क्यांऐवजी ४६ वर येतो. म्हणजे त्या जिल्ह्यात पिढी तेवढीच राहायला २.१ पुरत नाहीत, २.२ च्या पुढं लागतात. आणि राज्यात प्रत्यक्ष आहेत १.७. आपण दोन्ही बाजूंनी कमी करतोय.

आणि लग्न करून बाहेरून येणाऱ्या मुली हे स्थलांतरच. २०११ च्या जनगणनेत देशात ४५ कोटींहून जास्त लोक स्थलांतरित म्हणून नोंदले गेले आणि त्यातलं सर्वांत मोठं कारण लग्न. स्थलांतर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं रेल्वेतला बॅगवाला गडी येतो. प्रत्यक्षात देशातला सर्वांत मोठा स्थलांतरित गट म्हणजे सासरी आलेल्या बायका.


यंत्रमागवाला

इचलकरंजीतून बोलतोय. २०११ ला आमची लोकसंख्या दोन लाख सत्त्याऐंशी हजारांच्या घरात होती, आता महापालिका झाली. आमच्याकडं लूम चालवायला स्थानिक पोरगं मिळत नाही, खरं सांगतो. बारा तासांची पाळी, कान फाटणारा आवाज, अंगावर कापसाची धूळ. आपली पोरं म्हणत्यात, मी पुण्याला डिलिव्हरी करीन, पण मागावर न्हाई. मग बिहार, यूपी, ओडिशाची पोरं येत्यात. २०२० च्या लॉकडाऊनला ती गेली तेव्हा कळलं. श्रमिक रेल्वे भरून गेल्या, आणि परवानगी मिळाली तरी निम्मे माग उभेच, चालवणार कोण? शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांचीही तीच गत.

त्यातले काही आता दहा-पंधरा वर्षं इथंच हायत. पोरं मराठी शाळेत, गणपतीत लेझीम खेळत्यात.


ताराराणी चौक

हे मला पटत नाही. आपल्या मुलांना काम नाही म्हणून ती पुण्याला जातात आणि इथं बाहेरचे भरतात. दहा-वीस वर्षांनी कोल्हापूर कोल्हापूर राहील का?


वळिवडे

ताई, तुमच्या प्रश्नाला माझ्या घरचं उत्तर देतो.

मी गांधीनगरचा, सिंधी. आजोबा १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आले. त्यांना जिथं जागा मिळाली तिथं आधी कोण राहत होतं माहीत आहे? पोलंडची माणसं. दुसऱ्या महायुद्धात सैबेरियातून सुटून इराणमार्गे आलेल्या बायका-मुलांची छावणी १९४३ पासून १९४८ पर्यंत वळिवड्याला होती, पाच हजारांच्या आसपास लोक. त्यांची शाळा होती, चर्च होतं. ते गेले आणि त्याच बराकींत आमची माणसं आली. आजही त्या पोलिश कुटुंबांची पुढची पिढी कोल्हापूरला येते. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे, आणि वॉर्सात कोल्हापूरचं.

आजी सांगायची, पहिल्या वर्षी शेजारच्या गावातल्या बायकांनी भाकरी कशी थापायची ते शिकवलं. आज गांधीनगरची कापडपेठ पश्चिम महाराष्ट्रात नावाजलेली आहे, मी तुमच्याशी मराठीत भांडतो आणि पांढरा रस्सा नसेल तर जेवत नाही. कोल्हापूर तेव्हा बुडालं नाही. शाहू महाराजांनी १८९५ ला शाहूपुरी वसवली तीसुद्धा बाहेरच्या व्यापाऱ्यांना बोलवूनच.

मुलांना काम नाही ही तुमची चिंता खरी आहे. पण तिचा राग मागावरच्या पोरावर काढू नका.


ताराराणी चौक

राग नाही हो. माझा मुलगाच बंगळूरला आहे. तो परत येईल असं वाटत नाही, म्हणून लिहिलं. पोलिश छावणीचं माहीत नव्हतं. स्मारकाशेजारून रोज फिरायला जाते.


पाटोद्याचा

मी बीड जिल्ह्यातला. आई-वडील ऊसतोड करतात, मी इथं कोल्हापुरात होस्टेलला राहून शिकतो. लहानपणी तुमच्याच शिरोळ, करवीरच्या फडात असायचो. या धाग्यात आमच्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायला पाच-सहा महिने. रानाकडेला कोपी घालायची, पाचट आणि ताडपत्रीची, आत उभं राहता येत नाही. पहाटे तीनला उठून फडात. मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडी भरायची. गरोदर बाईही तेच करते. माझी धाकटी बहीण फडाच्या बांधावर झाली. तिची नोंद ना इथल्या ग्रामपंचायतीत झाली, ना गावाकडं. शाळेत घालताना मास्तरांनी अंदाजानं तारीख लिहिली. आता २०२३ च्या दुरुस्तीनंतर जन्मलेल्या लेकरांना शाळेपासून सगळ्याला जन्मदाखला लागतो. फडात जन्मलेल्याचं काय करायचं, कोण काढणार तो?

माझा प्रश्न गुरुजींना. जनगणना फेब्रुवारीत असते. फेब्रुवारीत आम्ही तुमच्या जिल्ह्यात असतो. गावाकडं घराला कुलूप, म्हातारी आजी तेवढी घरी. मग आम्हाला बीडला मोजतात की कोल्हापूरला? आईला विचारलं, २०११ ला कुणी आलं होतं का? ती म्हणाली, आठवत नाही.


आजऱ्याचे गुरुजी

बाळा, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. नियम सांगतो, कारण तो यंदा प्रत्येक प्रगणकाला पाठ हवा.

२०११ ला मोजणीचा काळ ९ ते २८ फेब्रुवारी होता. त्या काळात जो माणूस आपल्या घरी काही दिवस तरी राहिला, किंवा २८ तारखेपर्यंत परतणार आहे, त्याला घरी मोजायचं. जो पूर्ण काळ बाहेरच आहे त्याला घरी मोजायचं नाही, तो जिथं सापडेल तिथं मोजायचा. म्हणजे तुझे आई-वडील कोल्हापूर जिल्ह्यात मोजले जायला हवेत, कोपीत जाऊन. २८ च्या रात्री बेघरांची मोजणी आणि १ ते ५ मार्च पुन्हा फेरी. त्या फेरीत मी प्रत्येक घरी विचारायचो, माझ्या भेटीनंतर १ मार्च लागायच्या मध्यरात्रीपर्यंत कुणी जन्मलं का, कुणी गेलं का. जन्मलेलं मिळवायचं, गेलेलं खोडायचं. माझ्या गटात एका घरी त्या मधल्या दिवसांत आजी वारली होती. तिचं नाव लाल शाईनं नाही, साध्या एका रेघेनं काढलं आणि दारातच थोडा वेळ बसलो.

पण कागदावरचा नियम आणि रानातली कोपी यांत अंतर असतं. प्रगणकाच्या हातात नजरी नकाशा असतो, त्यावर घरं असतात. ऊस तुटला की कोपी दुसऱ्या शिवारात हलते. या आठवड्यात माझ्या गटात, पुढच्या आठवड्यात शेजारच्या. आणि गावाकडं आजी भाबडेपणानं सांगते, "आमी सातजण", प्रगणक सात लिहितो. तेव्हा एक तर दोनदा मोजणी होते किंवा एकदाही नाही. हंगाम आणि जनगणना दर वेळी एकाच महिन्यात येतात, हे काही गुपित नाही. साखर कारखान्यांकडं टोळ्यांची यादी असते, कुठल्या गटात किती कोयते हे शेती विभागाला रोजच्या रोज माहीत असतं. ती यादी तहसीलदारांनी मागवून प्रगणकांना दिली तर निम्मं काम होईल. मी निवृत्त आहे, तरी तालुक्याच्या प्रशिक्षणाला जाऊन हे सांगणार आहे.

बहिणीचा दाखला उशिराच्या नोंदणीत निघतो. वर्षानंतरची नोंद असेल तर सक्षम अधिकाऱ्याचा आदेश लागतो. खटपट आहे, पण होतं. मला निरोप पाठव, कागद मी जमवून देतो.


सिस्टरताई

पाटोद्याच्या भावा, फडात बाळंत झाली तरी त्या भागातल्या आशाला कळवलं तर नोंद इथल्याच ग्रामपंचायतीत होते. राहायचा पुरावा लागत नाही, घटना इथं घडली एवढं पुरे. हे मुकादमांना कुणीतरी सांगायला हवं. मी आमच्या भागात सांगेन.


घनसाळ

मी आजऱ्याचा, पुण्यात वाकडला. गुरुजी, तुमच्या पहिल्या प्रतिसादातला "पोरगा आणि सून हिंजवडीला" म्हणजे मीच समजा.

माझं रेशनकार्ड गावात, मतदान गावात, गॅस पुण्यात, मुलाचा जन्मदाखला पुण्याचा. मागच्या खेपेला वडिलांनी मला गावातच लिहून घेतलं, "पोरगा आमचाच हाय" म्हणून. त्यांचं मन मला कळतं. गावातनं नाव कमी झालं की माणूसच कमी झाल्यासारखं वाटतं. पण मी बारा महिने पाणी पुण्याचं पितो. आकड्यांवर पैसे वाटले जातात. पंधराव्या वित्त आयोगानं २०११ ची लोकसंख्या धरली, त्यावर राज्यांचे वाटे ठरले. लोकसभेच्या राज्यवार जागा अजून १९७१ च्या आकड्यांवर आहेत, तेही आता हलणार. मी जिथं राहतो तिथंच मला मोजू दे, हे या वेळी वडिलांना समजावणार आहे.

दुसरी बाजूही लिहितो. गावात आता आई-वडील दोघंच. वडिलांना मध्यरात्री छातीत दुखलं तेव्हा गाडी चालवता येणारा माणूस वाडीत नव्हता. शेजारच्या वाडीतून बोलावला. २०११ लाच राज्यात साठीपुढची माणसं दहा टक्के होती, आमच्या वाडीत आज निम्म्याहून जास्त असतील. जननदर, मृत्युदर ठीक आहे. पण रात्री गाडी कोण काढणार, हा आकडा कुठल्या तक्त्यात येतो?


ग्रामपंचायत रजिस्टर

मी भुदरगडकडच्या एका गावात जन्म-मृत्यू नोंदणीचं काम बघतो. वरचे सगळे प्रतिसाद वाचून काल जुनी रजिस्टरं काढली. नावं देणार नाही, गावही नाही. एवढंच सांगतो, आमच्याकडं गेली कित्येक वर्षं मृत्यूच्या नोंदी जन्माच्या पुढं आहेत. सिस्टरताई म्हणतात तसं बाळंतपण बाहेर होतं म्हणून जन्म कमी दिसतात, हे धरलं. म्हणून अंगणवाडीची यादी मागवली. तरी अंतर भरून येत नाही. गुरुजी, आणखी काय ताडून बघू?


आजऱ्याचे गुरुजी

फार चांगलं काम केलंत. आता जिल्हा जनगणना पुस्तिका काढा, २००१ ची आणि २०११ ची. त्यात गावनिहाय तक्ता असतो. एकूण लोकसंख्या, स्त्री-पुरुष, आणि शून्य ते सहा वयाची मुलं-मुली. तीन गोष्टी बघा: एकूण किती बदलली, लहान मुलं किती बदलली, आणि त्यात मुली किती. एकूण तेवढीच आणि लहान मुलं निम्म्यावर आली असतील तर तरुण जोडपी गेली असं समजा. मुलं आहेत पण मुली कमी असतील तर सिस्टरताईंना सांगा.

स्थलांतराचे तक्ते गावपातळीवर मिळत नाहीत, जिल्ह्याचेच मिळतात. ते आपल्यालाच विचारून काढावं लागेल. कुलूप असलेली घरं मोजा, आणि कुलपाची किल्ली कुणाकडं आहे ते विचारा. शेजाऱ्याकडं असेल तर माणसं गणपतीला येतात. नसेल तर गेली.

बाकीच्यांनीही आपापल्या गावचं बघून इथंच लिहा. शाहूवाडी आणि चंदगडवाले अजून कुणी बोलले नाहीत.